तळावरचा थर, पाण्यातले विष : सागरी लेपांच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न काय आहे

समुद्राच्या पाण्यात लोखंड, लाकूड, काँक्रीट, फायबर, काहीही ठेवा. त्यावर वस्ती होतेच. पहिल्या काही मिनिटांत पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांचा आणि शर्करांचा सूक्ष्म पापुद्रा बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू येतात, काही दिवसांत डायटम नावाचे एकपेशीय जीव येतात आणि बुळबुळीत थर तयार होतो. मागोमाग शेवाळ, बार्नॅकल, नळीत राहणारे कृमी, शिनाणे आणि कालवे येतात. बार्नॅकलची अळी जागा चाचपून पाहते, पसंत पडली की पाण्याखालीही घट्ट होणारा गोंद सोडते आणि मग आयुष्यभर हलत नाही. या साऱ्याला बायोफाउलिंग म्हणतात.

त्याची किंमत मोठी आहे. जहाजाच्या खडबडीत झालेल्या तळाला पाणी जास्त विरोध करते, म्हणून तोच वेग राखायला जास्त इंधन लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ग्लोफाउलिंग प्रकल्पाच्या अभ्यासानुसार तळाच्या निम्म्या भागावर अवघा अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर असला, तरी जहाजाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांच्या एका वर्गाचा हिशेब मायकेल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडला. त्या एका वर्गाच्या ताफ्यासाठी हा भार वर्षाला सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर निघाला. पुलांच्या खांबांवर आणि तेलविहिरींच्या मनोऱ्यांवर हा थर वजन वाढवतो, लाटांचा मारा झेलणारे क्षेत्रफळ वाढवतो आणि खालचा गंज किंवा तडा डोळ्याआड करतो.

थर बसू नये म्हणून जो लेप द्यायचा, तो बहुधा विष सोडूनच काम करतो. ते विष तळाजवळच थांबत नाही. लेप दिला नाही, तर इंधन जळते आणि परके जीव एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. दोन्ही बाजूंना पर्यावरणाचेच नुकसान आहे, त्यामुळे हा वाद निसर्ग विरुद्ध उद्योग असा सरळ मांडता येत नाही. सह्याद्रीच्या या बाजूला, नीरेकाठच्या शिरवळात बसूनही या प्रश्नाकडे लक्ष द्यायला हवे. रंगाचा कारखाना आणि वापरलेला रंग जिथे जातो ते पाणी यांच्यात घाट असला, तरी जबाबदारी एकच असते. शिवाय गोड्या पाण्यातल्या बांधकामांना याच प्रश्नाचे दुसरे रूप भेटते. त्याकडे पुढे येऊ.

तांब्याचा धडा

जुना उपाय म्हणजे होडी पाण्याबाहेर काढणे. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारण्याची रीत त्यासाठीही उपयोगी पडली. तळ वाळला की बसलेले जीव मरतात, मग खरवडून नवा लेप देता येतो. माशाच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, चुना आणि तेल यांचे मिश्रण, डांबर हे भारतीय किनाऱ्यावरचे परिचित लेप. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीत आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यावे, ओहोटीला तळाचे काम करावे, अशा कामासाठी ती जागा होती. मुंबईत १७५० च्या सुमारास बांधलेली सुकी गोदी आशियातली पहिली मानली जाते. तळ उघडा करून साफ करता यावा, ही तिच्यामागची एक मोठी गरज होती.

युरोपात ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. जीवांची वाढ थांबली. पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे झपाट्याने झिजले. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पत्र्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवली. ती खरोखरच थांबली आणि त्याबरोबर तळावर पुन्हा शेवाळ व बार्नॅकल आले. या प्रयोगातून निघालेला धडा आजही या क्षेत्राचा पाया आहे. तांबे विरघळते म्हणून राखते. विरघळणे थांबले की राखणेही थांबते. म्हणून विष सोडणाऱ्या प्रत्येक लेपाबाबत पहिला प्रश्न हाच : यातून काय झिजते आणि झिजलेले जाते कुठे?

टीबीटीचा उदय आणि बंदी

विसाव्या शतकात तांब्याचा पत्रा जाऊन तांब्याचे ऑक्साइड असलेले रंग आले. १९६० च्या दशकापासून त्यांत ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, वापरले जाऊ लागले. १९७० च्या दशकात हे टिन रंगाच्या बहुवारिकालाच रासायनिक बंधाने जोडण्याची युक्ती निघाली. समुद्राच्या पाण्यात तो बंध हळूहळू तुटतो, विष ठरावीक गतीने सुटते आणि वरचा थर झिजून पृष्ठ गुळगुळीत राहते. हे ‘स्वतःला घासणारे’ रंग पाच वर्षे टिकत. जहाजमालकांना यापेक्षा चांगला उपाय मिळालेला नव्हता.

दुष्परिणाम आधी शेतकऱ्यांना दिसले, समुद्रातल्या शेतकऱ्यांना. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशॉन उपसागरात कालवांची पिल्ले धरेनाशी झाली, मोठ्या कालवांचे शिंपले बेढब जाड झाले. उपसागरात नांगरलेल्या नौकांच्या रंगाशी त्याचा संबंध लागला. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीला बंदी घातली आणि कालवांचे उत्पादन सावरले. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटताना आढळले. एका लिटरमध्ये एक-दोन नॅनोग्रॅम टीबीटी त्यासाठी पुरेसे होते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांवरील कालवांत आणि बंदरांच्या गाळात टिनची हीच संयुगे मोजली. म्हणजे ही कथा फक्त युरोपची नव्हती.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी घातक लेपांवरील करार स्वीकारला. तो १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. भारताने २०१४ मध्ये व्यापारी जहाज कायद्यात दुरुस्ती करून त्यातल्या तरतुदी आपल्या कायद्यात आणल्या. पुढे सायब्युट्रिन या शेवाळनाशकाचीही याच करारात भर पडली आणि १ जानेवारी २०२३ पासून ते असलेला लेप देण्यास बंदी आली.

टीबीटीच्या बंदीचे यश मोठे आहे. तिची किंमतही लक्षात ठेवावी लागते. वापर सुरू झाल्यापासून जागतिक बंदी लागू होईपर्यंत चार दशके गेली, आणि गोदीतल्या गाळात बसलेले टिन अजूनही गाळ उपसताना वर येऊ शकते.

आजचे चार मार्ग

पहिला मार्ग तांब्याचा. बाजारातले बहुतेक लेप आजही तांब्याच्या ऑक्साइडवर चालतात. टिनच्या जागी तांबे, जस्त किंवा सिलिल गट जोडलेले बहुवारिक वापरून झिजण्याची गती राखली जाते. तांब्याला न जुमानणाऱ्या शेवाळासाठी झिंक पायरिथिओन, कॉपर पायरिथिओन, डीसीओआयटी यांसारखी साहाय्यक विषे मिसळतात. यांपैकी डीसीओआयटीवर आधारित उत्पादनाला १९९६ मध्ये अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला होता, कारण ते समुद्राच्या पाण्यात लवकर विघटित होते. नंतरच्या अभ्यासांनी बंदरांतल्या त्याच्या अस्तित्वाकडे आणि तीव्र विषारीपणाकडे लक्ष वेधले.

दुसरा मार्ग निवडक परिणाम करणाऱ्या रसायनांचा. मेडेटोमिडीन हे त्यातले लक्षणीय उदाहरण. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ते प्राण्यांना शांत करणारे औषध म्हणून परिचित असेल. स्वीडिश संशोधकांनी दाखवले, की अत्यल्प प्रमाणात ते बार्नॅकलच्या अळीला मारत नाही. उलट पोहण्यास उद्युक्त करते, म्हणून अळी बसतच नाही. मात्र शेवाळावर त्याचा प्रभाव नाही. त्यासाठी जोडीला दुसरे काही लागते.

तिसरा मार्ग चिकटूच न देणाऱ्या लेपांचा. सिलिकॉनच्या गुळगुळीत, कमी पृष्ठऊर्जेच्या थरावर जीव बसतात. पण घट्ट धरत नाहीत आणि जहाज वेगात गेले की पाण्याच्या ओघाने सुटतात. त्यांतून धातूचे विष जात नाही आणि गुळगुळीतपणामुळे इंधनही वाचते. मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. लेप महाग आहे, ओरखड्याने फाटतो, आधीच्या रंगावर सहज बसत नाही आणि जहाज गोदीत उभे राहिले तर निष्प्रभ ठरतो. काही प्रकारांतून सिलिकॉन तेले पाण्यात जातात. फ्लोरिनयुक्त प्रकारांबाबत टिकाऊ रसायनांची चिंता आहे. अलीकडे सिलिकॉन, जलधारक जेल आणि थोडे विष यांचा संकरही बाजारात आला आहे. शार्कच्या कातडीसारखी सूक्ष्म रचना, शैवालांतून मिळणारे रेणू, द्रव धरून ठेवणारी निसरडी पृष्ठे यांवरचे प्रयोगशाळेतले निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. पण समुद्रात पाच वर्षे टिकण्याची परीक्षा त्यांतल्या फार थोड्यांनी दिली आहे.

चौथा मार्ग लेपाला स्वच्छतेची जोड देण्याचा. पाण्याखालचे यंत्र बुळबुळीत थर कोवळा असतानाच हलकेच पुसते, म्हणून कठीण, निर्विष लेपही पुरतो. यात दोन काळज्या आहेत. घासताना निघालेले जीव आणि रंगाचे कण पाण्यातच सोडले, तर परकी जात त्याच बंदरात उतरू शकते. आणि तांब्याचा लेप घासला, तर विषाचा लोंढा एकदम सुटतो. म्हणून निघालेला मैला ओढून घेणारी यंत्रणा या मार्गात अनिवार्य समजली जाऊ लागली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये दिलेली आणि २०२३ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे लेप, तपासणी आणि सफाई यांना एकत्रच पाहतात.

महाराष्ट्राचे पाणी

या चार मार्गांपैकी कोणता निवडावा, हे पाणी ठरवते. थंड समुद्रात हिवाळ्यात जीवांची वाढ मंदावते. आपल्याकडे पाणी वर्षभर उबदार असते, म्हणून तशी विश्रांती नाही. पावसाळ्यात खाड्यांची क्षारता कोसळते, गाळ वाढतो. पावसाळा सरला की नव्याने वस्ती सुरू होते. तांबे कोणत्या गतीने विरघळेल हेही क्षारतेवर अवलंबून असते. त्यामुळे उत्तर युरोपात ठरवलेले प्रमाण मुंबईच्या बंदराला जसेच्या तसे लावता येत नाही.

परक्या जातींचा अनुभवही इथलाच आहे. मध्य अमेरिकेकडची मायटिलॉप्सिस सॅली ही काळ्या पट्ट्यांची शिंपली १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत नोंदली गेली. तेव्हाच्या नौदल रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळेत करंदे आणि मेनन यांनी मुंबईतल्या आगमनाची नोंद केली. हीच जात १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बंदिस्त नौकातळांत सापडली, तेव्हा तिथले पाणी क्लोरीन आणि मोरचुदाने भरून ती संपवावी लागली. तळ अस्वच्छ ठेवण्यालाही विषाचीच किंमत मोजावी लागू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

आपल्या किनाऱ्यावरचे वापरणारेही एकसारखे नाहीत. युद्धनौका बराच काळ धक्क्याला असतात, म्हणून वेगावर विसंबणारा सिलिकॉन लेप तिथे अपुरा पडू शकतो. अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा नौदलाच्या अशाच गरजांसाठी काम करते. मुंबई हायचे मनोरे, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू हलतच नाहीत. तिथे काँक्रीटचे आवरण, गंजरोधक थर, नियमित तपासणी आणि आवश्यक तिथे पाण्याच्या झोताने सफाई हाच मुख्य आधार. वाढीचे वजन आराखड्यातच धरावे लागते. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रात समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी आत घेतले जाते. अशा बंद वाहिन्यांत लेपापेक्षा क्लोरीनचा वापर जगभर रूढ आहे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या क्लोरीनच्या अवशेषाचा प्रश्न त्यासोबत येतो.

मासेमारी नौकांचे चित्र वेगळेच. आंतरराष्ट्रीय करारानुसार आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ४०० टनांवरील जहाजांना लेपाचे प्रमाणपत्र लागते. त्याहून लहान पण २४ मीटर किंवा अधिक लांबीच्या जहाजांना घोषणापत्र पुरते. कोकणातल्या बहुसंख्य होड्या या कागदांच्या कक्षेत येतच नाहीत. जून आणि जुलैच्या मासेमारीबंदीत त्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, तळ खरवडला जातो, नवा रंग चढतो. खरवडलेला चुरा वाळूत पडतो आणि पहिल्या मोठ्या भरतीला खाडीत जातो. याच किनाऱ्यावर सिंधुदुर्गात महिलांचे बचतगट कालवे आणि शिनाणे वाढवतात. जहाजाच्या तळावर जो जीव नको असतो, तो खाडीतल्या दोरीवर पीक असतो. आर्काशॉनमध्ये जे घडले, ते इथे घडू नये म्हणून खबरदारी घेण्याचे कारण एवढे ठोस आहे.

गोड्या पाण्याचा निकष

शिरवळजवळ नीरेवर वीर धरण आहे. त्याचे पोलादी दरवाजे पाण्यात असतात, त्यांवरही शेवाळ येते. पण इथे बार्नॅकल नाही, वेगाने जाणारे जहाज नाही. दरवाज्याचा खरा शत्रू गंज आहे. वीरमधून नीरेचे डावे आणि उजवे कालवे निघतात. त्यांचे पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतांपर्यंत पोहोचते. क्षार कमी असलेल्या, मऊ पाण्यात तांब्याचा जलचरांवरचा परिणाम अधिक तीव्र असतो. म्हणून इथे समुद्रासाठीचा विषारी लेप समर्थनीय ठरत नाही. इपॉक्सीसारखा गंजरोधक थर, दरवाजे दुरुस्तीला काढले असताना सफाई आणि जुना थर काढताना निघालेला चुरा गोळा करणे, एवढे पुरेसे आहे.

मतभेद कुठे आहेत

तांब्याच्या बाजूने बोलणारे सांगतात, की ते निसर्गात असतेच. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ त्याला बांधून ठेवतात, म्हणून एकूण तांब्यापेक्षा मोकळ्या आयनांचे प्रमाण खूप कमी असते. प्रभावी लेपामुळे वाचणारे इंधन आणि टळणारे परके जीवही हिशेबात धरावेत. या म्हणण्यात तथ्य आहे.

विरोधी बाजूचे म्हणणे असे, की धातू विघटित होत नाही. खुल्या समुद्रात पातळ होणारे प्रमाण बंदिस्त बंदरात साचते आणि गाळ उपसला की पुन्हा पाण्यात येते. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंड नौकातळात तांब्याचे प्रमाण इतके वाढले, की नियामकांना ते घटवण्याचा कार्यक्रम आखावा लागला. हेही तितकेच खरे आहे.

सिलिकॉनचे समर्थक इंधन आणि विष दोन्हींत बचत दाखवतात. टीकाकार विचारतात, की कमी वेगाच्या, सतत थांबणाऱ्या नौकांना त्याचा उपयोग किती? सफाईचे समर्थक म्हणतात, की लेपावरचे अवलंबित्वच कमी करावे. बंदर व्यवस्थापकांना मैला गोळा न करता होणाऱ्या सफाईची धास्ती वाटते. युरोपीय संघात २०१२ च्या जैवनाशक नियमावलीत अशा लेपांचा २१ क्रमांकाचा स्वतंत्र गट आहे आणि प्रत्येक जैवनाशक घटकाला मंजुरी लागते. या कडक पद्धतीने बाजारातली रसायने घटली. काहींना हे यश वाटते. काहींना भीती वाटते, की थोड्याच विषांचा वापर वाढेल आणि नव्या शोधांना वाव उरणार नाही.

अनिर्णित प्रश्न

काही बाबी अजून खुल्या आहेत. तांबे आणि साहाय्यक विषे यांचा एकत्रित परिणाम एकेका रसायनाच्या चाचणीवरून सांगता येत नाही. झिजलेल्या रंगाचे सूक्ष्म प्लास्टिक कण किती काळ टिकतात आणि कोण गिळते, याचा अभ्यास आता कुठे जोर धरतो आहे. लेप बनवण्यापासून खरवडून टाकण्यापर्यंतच्या संपूर्ण आयुष्याची तुलना कोणत्या मोजमापाने करावी, यावर एकमत नाही. एक टन वाचलेला कार्बन आणि एक किलो सोडलेले तांबे यांचे वजन एका तराजूत कसे घालायचे, हा प्रश्न विज्ञानाचा आहे तसाच समाजाच्या निवडीचाही आहे.

‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण या क्षेत्रात एकटे उभे राहू शकत नाही. कोणत्या पाण्यासाठी, कोणत्या नौकेसाठी, किती वर्षांसाठी आणि शेवटी चुरा कुठे टाकून, हे सांगितले तरच त्याला अर्थ येतो. एका जागी सुरक्षित असलेला लेप दुसऱ्या जागी हानिकारक असू शकतो. डीसीओआयटीची वाटचाल हेच सांगते, आणि टीबीटीचा इतिहास उशिरा केलेल्या मोजमापाची किंमत सांगतो.

म्हणून महाराष्ट्रापुरते तातडीचे काम कोणते, यावर मात्र फार मतभेद नसावा. मुंबई, रत्नागिरी आणि मालवण अशा वेगवेगळ्या पाण्यात, किमान एक पावसाळा धरून, तीच चाचणीफलके लावून तुलना व्हायला हवी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत रंगशास्त्र शिकवले जाते, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, अंबरनाथला नौदलाची प्रयोगशाळा आहे. ज्ञान विखुरलेले आहे, पण आहे. ते एकत्र आले तर होडीवाल्याला दुकानातल्या डब्यावरच्या शब्दांऐवजी आपल्या खाडीतल्या निकालावर निवड करता येईल. आणि किनाऱ्यावर ताडपत्री अंथरून खरवडलेला चुरा गोळा करण्यासाठी तर कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. ते येत्या मासेमारीबंदीपासूनच सुरू करता येते.